नजरेने ठरलेल्या रेषा

पीट मोन्द्रियान १९११ सालाच्या अखेरीस वारला असता, तर आज हॉलंडबाहेर त्याचे नाव फारसे कोणी घेतले नसते. वय एकोणचाळीस. नावावर नदीकाठची झाडे, शेतघरे, पवनचक्क्या, समुद्रकाठची वाळूची टेकाडे आणि चर्चचे मनोरे. डच संग्रहालयांच्या एखाद्या आतल्या दालनात ही चित्रे लागली असती आणि सूचीकाराने 'शतकाच्या वळणावरचा एक चांगला निसर्गचित्रकार' एवढे लिहून पान उलटले असते. काळ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये लाल, निळे, पिवळे चौकोन, ही ज्या चित्रांची ओळख आज शाळकरी मुलांनाही असते, त्यांतले एकही तोवर काढलेले नव्हते. पहिले तसे चित्र यायला आणखी जवळजवळ दहा वर्षे लागायची होती.

हे आधीच सांगायचे कारण असे की मोन्द्रियानबद्दल एक समज फार घट्ट बसलेला आहे. हा माणूस हिशेबी, कोरडा, भूमितीच्या वहीतून उठून चित्रकलेत आलेला. त्याने एक नियम केला आणि मरेपर्यंत तो पाळला. इव्ह सें लोराँने १९६५ मध्ये त्याच्या चित्रांवरून बेतलेले झगे बाजारात आणले, त्यानंतर तर हा आराखडा पिशव्यांवर, कपांवर, इमारतींच्या दर्शनी भागांवर इतका उमटला की मूळ चित्रे पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. नक्कल करायला इतका सोपा दिसणारा दुसरा मोठा चित्रकार विसाव्या शतकात नाही. पण नक्कल करून पाहावी. चार रेषा, तीन रंग घ्यावेत आणि मांडावेत. होते ते नक्षीकाम. ते चित्र का होत नाही, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्या आयुष्याच्या क्रमात आहे असे मला वाटते.

मोन्द्रियानचा जन्म ७ मार्च १८७२ रोजी आमर्सफोर्ट या गावी झाला. वडील कडव्या प्रोटेस्टंट वळणाचे, शाळेचे मुख्याध्यापक, स्वतः चित्रकला शिकवण्याची पात्रता असलेले. १८८० मध्ये कुटुंब जर्मन सरहद्दीजवळच्या विंटर्सवाइकला गेले. काका फ्रिट्स हे हौशीच्या पुढे गेलेले निसर्गचित्रकार. पुतण्याला सोबत घेऊन ते उघड्यावर चित्रे काढत. घरात चित्रकलेला विरोध नव्हता, चित्रकार होण्याला होता. तडजोड म्हणून मुलाने चित्रकला शिक्षकाच्या परीक्षा दिल्या: १८८९ मध्ये प्राथमिक शाळेसाठी आणि १८९२ मध्ये माध्यमिकसाठी. म्हणजे पोटापाण्याची सोय झाली. त्याच वर्षी तो ॲम्स्टरडॅमच्या राइक्सअकादमीत दाखल झाला आणि शाळेतल्या शिक्षकी पेशाकडे परत फिरकला नाही.

पुढची पंधरा-सोळा वर्षे साधी आहेत आणि ती भराभर ओलांडली तरी चालेल. शिकवण्या, व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी, संग्रहालयातल्या जुन्या चित्रांच्या प्रती, आणि ॲम्स्टरडॅमजवळच्या खेइन नदीच्या काठावरची असंख्य निसर्गचित्रे. १९०१ मध्ये 'प्री द रोम' या शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत तो उतरला आणि नापास झाला. १९०४ मध्ये ब्राबांट प्रांतातल्या उडन या खेड्यात त्याने वर्षभर मुक्काम केला. मात्र खेइनच्या काठावरची ही चित्रे घाईने पाहू नयेत. त्यांतली बरीचशी संध्याकाळची, कातरवेळेची आहेत. उजेड उतरला की पानांचा तपशील बुडतो, झाडांचे उभे बुंधे आणि पाण्याची आडवी कड तेवढी उरते. मोन्द्रियान ही वेळ मुद्दाम निवडत होता. पुढे जे आले त्याचे बीज इथेच होते असे छातीठोकपणे सांगणारे समीक्षक आहेत. मी तितके सांगणार नाही. मागून पाहिले की सगळ्याच वाटा सरळ दिसतात. एवढे मात्र खरे, की तपशील गाळण्याची त्याची ओढ पॅरिसहून आयात झालेली नव्हती.

१९०८ पासून तो झीलंड प्रांतातल्या डोम्बुर्ग या समुद्रकाठच्या गावी उन्हाळ्यात जाऊ लागला. तिथे यान टोरोप या वडीलधाऱ्या चित्रकाराभोवती एक गोतावळा जमे. उजेड लख्ख, वारा सुसाट, आणि रंगांना नैसर्गिक असण्याची सक्ती नाही. 'लाल झाड' या चित्रात निळ्या संध्याकाळीवर तांबडे, वाकलेले, फांद्या पसरलेले झाड आहे. त्याच सुमाराची, उन्हात पेटल्यासारखी दिसणारी पवनचक्की आहे. जानेवारी १९०९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात यान स्लाउटर्स आणि कॉर्नेलिस स्पोर यांच्याबरोबर त्याने प्रदर्शन केले तेव्हा बरेच जण भडकले. फ्रेडरिक वान एडन हे नावाजलेले लेखक आणि मनोविकारतज्ज्ञ. त्यांना या चित्रांत कलेच्या ऱ्हासाची आणि आजाराची लक्षणे दिसली. हेच वान एडन चार वर्षांनी रवींद्रनाथांची 'गीतांजली' डच भाषेत आणतात. नव्या गोष्टीला दार उघडणारा माणूस प्रत्येक नव्या गोष्टीला उघडतोच असे नाही.

त्याच वर्षी, मे १९०९ मध्ये, मोन्द्रियान डच थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. मराठी वाचकाला ही संस्था परकी नाही. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले. 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतूनच सुरू झाले. मुख्यालय अड्यारला हलले ते १८८२ च्या अखेरीस. मोन्द्रियान सभासद झाला तेव्हा या जागतिक संस्थेच्या अध्यक्ष होत्या ॲनी बेझंट, ज्यांना आपण टिळकांच्या बरोबरीने होमरूलच्या चळवळीमुळे ओळखतो. एवढे धागे हाताशी आले की 'अमूर्त चित्रकलेचा उगम भारतीय तत्त्वज्ञानात' असा मथळा देण्याचा मोह होतो. तो आवरावा. ब्लाव्हाट्स्कींच्या लिखाणात उपनिषदे, बौद्ध मत, इजिप्त, गूढवाद आणि त्या काळचे विज्ञान यांचे जे मिश्रण होते, त्यातून मोन्द्रियानने आपल्याला हवे तेवढे उचलले: दिसणाऱ्या जगामागे एक सुव्यवस्था आहे, माणूस पायरीपायरीने तिच्याकडे सरकतो, आणि जगातली द्वंद्वे – उभे आणि आडवे, पुरुष आणि प्रकृती, आत आणि बाहेर – शेवटी एकमेकांना तोलून धरतात. वडिलांचा कर्मठ धर्म सोडलेल्या, पण धर्माची भूक न गेलेल्या माणसाला हे पुरेसे होते.

या विश्वासातून त्याने १९१०–११ मध्ये 'उत्क्रांती' नावाचे तीन फलकांचे चित्र काढले. निळसर, ताठ उभ्या तीन नग्न स्त्रिया. बाजूच्या दोघींचे डोळे मिटलेले, मधलीचे टक्क उघडे. खांद्यांच्या बाजूला त्रिकोण आणि तारे. हे चित्र मला कधीच आवडलेले नाही. तत्त्वज्ञान सांगायला बसले की चित्र कसे अवघडून जाते याचा तो नमुना आहे. पण महत्त्व त्याचे आहेच, कारण मोन्द्रियानलाही बहुधा हेच जाणवले. प्रतीके रंगवण्याच्या वाटेने तो पुन्हा गेला नाही. तत्त्व चित्रात सांगायचे नाही, चित्राच्या बांधणीतच ते असले पाहिजे, इथपर्यंत तो पोचला. आणि ती बांधणी कशी असते हे त्याला पॅरिसने दाखवले.

१९११ च्या शरदात ॲम्स्टरडॅमला 'मॉडर्न कुन्स्टक्रिंग'चे प्रदर्शन भरले. त्यात सेझानची आणि पिकासो व ब्राक यांच्या घनवादी वळणाची चित्रे होती. प्रदर्शनाच्या आयोजकांत मोन्द्रियान स्वतः होता. काही महिन्यांतच त्याने बाडबिस्तरा आवरला. पॅरिसला पोचल्यावर आडनावातले एक अक्षर कमी केले. डच कुटुंबाचे मोन्द्रियान दोन ए लावत, तो एकच लावू लागला. चाळिशीच्या उंबरठ्यावर हातचे नाव आणि ओळखीचे गिऱ्हाईक सोडून परक्या शहरात पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नव्हते.

इथून त्याची झाडे पाहावीत. सलग पाहावीत. 'लाल झाड' आपण पाहिलेच. मग 'करडे झाड' येते: तेच वाकलेले खोड, पण रंग उतरून गेले आहेत आणि फांद्यांमधल्या पोकळ्या फांद्यांइतक्याच घट्ट झाल्या आहेत. मग १९१२ चे 'फुललेले सफरचंदाचे झाड': खोड जवळजवळ नाही, डोळ्याच्या आकाराच्या कमानी एकमेकींत गुंतत कडांकडे विरत गेलेल्या. त्यापुढच्या चित्रांत झाड शोधावे लागते, आणि मग शोधूनही सापडत नाही. या चारपाच पायऱ्यांत कुठेही उडी नाही. आल्याचे भांडे ठेवून केलेल्या दोन स्थिरचित्रांतही हेच घडते: पहिल्यात ओळखू येणारे टेबल, पेले, भांडी, दुसऱ्यात सगळे वितळून एक जाळी झालेले, आणि मध्ये ते निळसर भांडे तेवढे हट्टाने शाबूत.

पिकासो आणि ब्राक या टोकापर्यंत आले आणि तिथून मागे फिरले. वस्तूचा हात त्यांनी सोडला नाही. मोन्द्रियानला वाटले, घनवादाने जे सुरू केले त्याचा शेवट घनवादच स्वीकारत नाही. हा आक्षेप त्याने पुढे आयुष्यभर धरला.

जुलै १९१४ मध्ये आजारी वडिलांना भेटायला तो हॉलंडला आला आणि महायुद्ध सुरू झाले. पॅरिसचा रस्ता बंद. चित्रे तिकडे, हा इकडे, पैसा नाही. ही अडकून पडलेली पाच वर्षे त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत फलदायी ठरली. डोम्बुर्गच्या किनाऱ्यावर लाकडी धक्का समुद्रात शिरतो, आणि लाटांवर उजेड लुकलुकतो. त्याची रेखाटने करता करता त्याने सगळा समुद्र छोट्या उभ्या-आडव्या रेघांत उतरवला. १९१५ चे काळ्या-पांढऱ्यातले मोठे चित्र, जे आज ओटरलोच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे, ते बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांनी भरलेल्या अंडाकृती पटासारखे दिसते. पण त्याच्यासमोर थोडे थांबले की खालच्या बाजूने धक्का वर येतो, पाणी हलते. माझ्या मते मोन्द्रियानची दोन-तीन श्रेष्ठ चित्रे निवडायची तर हे त्यांत धरावे लागेल, आणि ते रंगीत चौकोनांच्या आधीचे आहे.

याच काळात लारेन गावी त्याला तीन माणसे भेटली. स्खूनमाकर्स हा गणित आणि गूढवाद एकत्र घोटणारा माजी पाद्री. उभ्या-आडव्याला आणि तीन मूळ रंगांना त्याने विश्वाच्या रचनेचा दर्जा दिला होता. बार्ट वान डर लेक हा सपाट, शुद्ध रंगांचे तुकडे वापरणारा चित्रकार. आणि थिओ वान डूसबुर्ग, बोलका, धडपड्या, संपादकीय वृत्तीचा. ऑक्टोबर १९१७ मध्ये वान डूसबुर्गने 'डे स्टाइल' हे मासिक काढले. त्याच्या पहिल्या अंकापासून मोन्द्रियानचा चित्रकलेतल्या नव्या रूपनिर्मितीवरचा प्रदीर्घ निबंध बारा हप्त्यांत छापला गेला. तो वाचायला जड आहे, हे मान्य करून टाकावे. वाक्यामागून वाक्य तीच गोष्ट थोडी फिरवून येते. पण नीट पाहिले तर हीच त्याची चित्र काढण्याचीही रीत आहे: एकच मांडणी, किंचित सरकवून, पुन्हा.

१९१९ मध्ये तो पॅरिसला परतला. १९२० मध्ये 'निओप्लास्टिसिझम' या फ्रेंच पुस्तिकेत त्याने आपले मत पक्के केले. निसर्गाची नक्कल नको, वक्ररेषा नको, सरळ रेषा, काटकोन, लाल-निळा-पिवळा, आणि काळा-करडा-पांढरा. सममिती नको. आणि १९२० संपता संपता ती चित्रे आली जी आपण ओळखतो.

आता नियम एवढा आखीव असल्यावर उरले काय? सगळे उरले. झुरिकच्या कुन्स्टहाउसमध्ये १९३० चे एक चौरस चित्र आहे, जेमतेम दीड फुटाचे. उजवीकडे वर लाल रंगाने जवळपास सगळी जागा घेतली आहे. डावीकडे खाली लहानसा निळा. उजव्या खालच्या कोपऱ्यात पिवळ्याची चिंचोळी पट्टी. बाकी पांढरे. लाल इतका मोठा की चित्र उजवीकडे कलंडायला हवे. कलंडत नाही. निळा खोल आहे, कोपऱ्याला धरून बसला आहे. आणि डावीकडची आखूड आडवी काळी रेघ बाकीच्यांपेक्षा जाड आहे. ती जाडी बोटाने झाकून पाहावी, चित्र तोल सोडते. दोन पारड्यांत सारखे वजन टाकले की काटा मधोमध येतो, ते कोणालाही जमते. इथे एका पारड्यात हत्ती आहे आणि दुसऱ्यात त्याला उचलून धरणारे काही चिमूटभर जिन्नस.

हा तोल मोन्द्रियान गणिताने काढत नव्हता. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी तो वापरी. ती रेघ कुठे यावी, किती जाड असावी, हे फक्त डोळ्याने ठरे. कागदाच्या पट्ट्या कॅनव्हासवर लावून तो दिवसेंदिवस सरकवत बसे. रंग दिल्यावरही समाधान नसले तर खरवडून पुन्हा. म्हणून मूळ चित्रे जवळून पाहिली की धक्का बसतो. छापील पानावर एकसारखा सपाट दिसणारा पांढरा प्रत्यक्षात अनेक थरांचा, कुठे निळसर, कुठे किंचित उबदार असतो. एका चौकोनात कुंचल्याचे फटकारे आडवे, शेजारच्यात उभे. काही चित्रांत काळी रेघ कडेपर्यंत पोचतच नाही, अर्ध्या बोटाचे अंतर राखून थांबते, आणि त्या थांबण्यामुळे चौकोन मोकळा राहतो. रेघांची जागा बदलल्याच्या खुणा रंगाखालून डोकावतात. चित्राला चौकटीत खोल बसवण्याऐवजी तो ते चौकटीच्या पुढे आणून लावी, म्हणजे खिडकीतून पाहिल्याचा भास होऊ नये. या सगळ्यातले फार थोडे छपाईत येते. या पुस्तकातली चित्रे काळजीपूर्वक छापली आहेत, तरीही वाचकाने त्यांना आठवणीची चिठ्ठी समजावे.

पॅरिसमधला त्याचा स्टुडिओ, २६ र्‍यू द्यू देपार, मोंपार्नास स्थानकाला लागून होता. भिंतींवर रंगीत पुठ्ठ्याचे चौकोन टाचलेले, ते तो हलवत राही. खोलीच एक चित्र झाली होती. आंद्रे केर्तेस याने १९२६ मध्ये तिथे काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे: टेबलावर फुलदाणीत एक नकली ट्यूलिप, उघड्या दारातून जिन्याचे वळण. ट्यूलिपचे पानही मोन्द्रियानने पांढरे रंगवले होते, घरात हिरवा नको म्हणून. निसर्गद्वेष्टा संन्यासी अशी त्याची जी आख्यायिका झाली तिचा मोठा आधार हे पान आहे. पण त्याच वर्षांत भाडे भागवण्यासाठी तो फुलांची जलरंगचित्रे काढून विकत होता, आणि ती फुले उरकलेली वाटत नाहीत. नजर रुतलेली आहे त्यांत. १९३० मध्ये तरुण अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर तिथे आला, भिंतीवरचे चौकोन पाहून म्हणाला की हे हलायला हवेत. मोन्द्रियानने गंभीरपणे सांगितले की गरज नाही, आपले चित्र मुळातच फार वेगवान आहे. काल्डर घरी गेला आणि अमूर्ताकडे वळला. त्याची तरंगती शिल्पे पुढे त्यातूनच आली.

वेगाचे हे बोलणे विनोद नव्हता. या चष्मिस, नीटनेटक्या, अविवाहित गृहस्थाला नाचाचे वेड होते. तो शिकवणी लावून नाच शिकला. हॉलंडमध्ये चार्ल्सटन नाचावर बंदी येणार अशी चर्चा १९२६ मध्ये झाली, तेव्हा तसे झाले तर आपण मायदेशी परतणार नाही असे त्याने वर्तमानपत्राच्या मुलाखतीत सांगितले. १९२७ मध्ये त्याने जॅझ आणि निओप्लास्टिसिझम यांवर लेख लिहिला; दोन चित्रांना 'फॉक्स ट्रॉट' अशी नावे दिली. सुरावटीपेक्षा ताल मोठा, असे त्याचे म्हणणे. थंड भूमितीचा आरोप करणाऱ्यांनी हे एकदा कानांवर घ्यावे.

वान डूसबुर्गशी त्याचे बिनसले ते तिरप्या रेषेवरून, असे सगळीकडे छापलेले असते. वान डूसबुर्ग १९२४ च्या सुमारास तिरप्या मांडणीकडे गेला, आणि तिला नवे तत्त्व म्हणून मिरवू लागला, हे खरे. पण दोघांत कुरबुरी आधीपासून होत्या. काळ आणि चौथी मिती, वास्तुकलेत रंगाचे स्थान, आणि दोन अगदी वेगळे स्वभाव. गंमत अशी की मोन्द्रियान स्वतः १९१८ पासून कॅनव्हास कोपऱ्यावर उभा करून शंकरपाळ्याच्या आकाराची चित्रे करत होता. मात्र आतल्या रेषा उभ्या-आडव्याच. कड तिरपी चालते, रेघ नाही. बाहेरच्याला हा हट्ट वाटेल. चित्राच्या आत काटकोन टिकवून बाहेरची कड त्याला छेदत गेली की रेषा कॅनव्हासच्या पलीकडेही चालू असल्याचा भास होतो, आणि त्याला हवे होते ते हेच.

पैशाची ओढगस्त संपली नाही. १९२६ मध्ये कॅथरीन ड्रायर या अमेरिकन संग्राहक बाईंनी त्याचे चित्र घेऊन ब्रुकलिनच्या प्रदर्शनात लावले, तेव्हापासून अटलांटिकपलीकडून थोडी आवक सुरू झाली. लारेनपासूनचा स्नेही सालोमोन स्लाइपर मात्र जुनी निसर्गचित्रे घेत राहिला. त्याने जपलेला तो साठाच पुढे हेगच्या संग्रहालयाकडे आला, आणि झाडापासून चौकोनापर्यंतचा प्रवास एका छताखाली पाहण्याची सोय झाली. १९३७ मध्ये नाझींनी 'अधःपतित कले'च्या प्रदर्शनात त्याची चित्रे टांगली. सप्टेंबर १९३८ मध्ये युद्ध येणार हे हेरून तो लंडनला गेला. हॅम्पस्टेडमध्ये पार्कहिल रोडवर बेन निकल्सन, बार्बरा हेपवर्थ, नाउम गाबो यांचा शेजार होता. बॉम्बवर्षाव सुरू झाला. ३ ऑक्टोबर १९४० रोजी, अडुसष्ट वर्षांचा मोन्द्रियान न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला.

आणि इथे माझ्या मते या चरित्रातला सर्वांत विलक्षण भाग सुरू होतो. हॅरी हॉल्ट्समन या तरुण चित्रकाराने त्याची राहण्याची सोय केली आणि बूगी-वूगीच्या तबकड्या ऐकवल्या. म्हातारा हरखून गेला. सोबत आणलेली, युरोपात पूर्ण मानलेली चित्रे त्याने पुन्हा काढून बसवली. रेषांच्या कैदेतून सुटलेले रंगाचे छोटे तुकडे त्यांत घातले. म्हणून 'ट्रफाल्गर स्क्वेअर' सारख्या चित्राखाली १९३९–४३ अशी दुहेरी तारीख दिसते. न्यूयॉर्कमध्ये रंगीत चिकटपट्ट्या मिळत. रेषा सरकवून पाहायला याहून सोयीचे साधन नव्हते. या पट्ट्यांनी सुचवले तसे त्याने केले: काळी रेषाच काढून टाकली. वीस वर्षे ज्या काळ्या पट्ट्यांवर त्याचे नाव उभे होते, त्या सत्तरीत आल्यावर त्याने टाकून दिल्या. रेषा पिवळ्या झाल्या, लाल झाल्या. मग त्या रेषाही तुटल्या.

'ब्रॉडवे बूगी-वूगी' (१९४२–४३) हे १२७ सेंटिमीटरचे चौरस चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. पिवळ्या पट्ट्यांवर लाल, निळे, करडे ठिपके एकामागून एक धावतात, छेदांवर लुकलुकतात. शहराचा नकाशा, रात्रीची वाहतूक, पियानोच्या डाव्या हाताचा न थांबणारा ठेका, यांतले काहीही म्हणा, चित्र आक्षेप घेत नाही. तीस वर्षे दिसणाऱ्या जगाला दार बंद करून बसलेल्या माणसाने ते एवढे सताड उघडावे! १९४३ मध्ये पेगी गुगनहाइमच्या गॅलरीत जॅक्सन पोलॉक या अनोळखी तरुणाच्या रासवट चित्रापुढे तो बराच वेळ थांबला आणि अमेरिकेत पाहिलेल्या सर्वांत लक्षवेधी कामांपैकी हे आहे असे त्याने तिला सांगितले, असे प्रत्यक्षदर्शींनी लिहून ठेवले आहे. सिद्धान्ताचा गुलाम असे वागत नाही.

शेवटचे चित्र 'व्हिक्टरी बूगी-वूगी'. जानेवारी १९४४ मध्ये ते पाहून गेलेल्या मित्रांना ते पुरे झालेले वाटले होते. मोन्द्रियानला नव्हते. त्याने त्यावर पुन्हा कागदाचे आणि चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून सगळे मोडायला घेतले. न्यूमोनिया झाला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो गेला. ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स दफनभूमीत त्याला पुरले. हॉल्ट्समनने स्टुडिओ काही आठवडे लोकांना पाहायला खुला ठेवला. तुकडे डकवलेले ते अपुरे चित्र १९९८ मध्ये डच सरकारसाठी आठ कोटी गिल्डरना विकत घेतले गेले, आणि चिकटपट्टीला एवढे पैसे का, म्हणून संसदेपर्यंत आरडाओरड झाली. आज ते हेगला आहे, त्याच्या झाडांच्या शेजारी.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडे. चित्रे कालक्रमानेच लावली आहेत आणि ती त्याच क्रमाने पाहावीत. चित्रांच्या नावांवर भिस्त ठेवू नये. 'रचना' हे नाव त्याने इतक्या चित्रांना दिले आहे की आकडा आणि साल पाहिल्याशिवाय कोणते चित्र ते कळत नाही, म्हणून प्रत्येक चित्राबरोबर साल आणि आज ते कुठे आहे हे दिले आहे. चिकटपट्टीच्या काळातले १९४१ चे 'न्यूयॉर्क सिटी १' मुद्दाम पूर्ण पानावर घेतले आहे. ते १९४५ पासून प्रदर्शित होत आले, १९८० पासून ड्युसेलडोर्फच्या संग्रहालयात आहे, आणि २०२२ मध्ये तिथल्याच अभिरक्षक सुझान मायर-ब्युझर यांनी जाहीर केले की इतकी वर्षे ते बहुधा उलटे टांगलेले होते. मोन्द्रियानच्या मृत्यूनंतर त्याच्या स्टुडिओत काढलेल्या एका छायाचित्रात ते दुसऱ्या बाजूने उभे आहे; पॅरिसमधल्या जुळ्या चित्रातही दाट पट्ट्या वरच्या कडेला आहेत, खाली नाहीत. संग्रहालयाने तरीही ते फिरवले नाही. ऐंशी वर्षांच्या वाळलेल्या पट्ट्या एका दिशेने लोंबायला सरावल्या आहेत, उलटे केले तर त्या सुटतील. छापील पानाला ती भीती नाही. तिथे पोचल्यावर वाचकाने पुस्तक खुशाल उलटे धरावे.